राबायचं कोणी, कार्डाने की प्रोसेसरने?

थ्रीकॉम कंपनीने 1982 साली आयबीएम पीसीसाठी ‘इथरलिंक’ हे नेटवर्क कार्ड विकायला काढलं. कंपनीचे संस्थापक रॉबर्ट मेटकाफ; इथरनेटची कल्पना त्यांनी 1973 मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो प्रयोगशाळेत मांडली होती. तारेवरून सेकंदाला 10 मेगाबिट यायचे आणि पीसीचा प्रोसेसर होता 4.77 मेगाहर्ट्झचा. आलेला डेटा उचलून मेमरीत ठेवायचा कोणी? पुढची कित्येक वर्षं कार्डांचा कस याच प्रश्नावर लागला.

नोव्हेल कंपनीला खरं तर नेटवेअर हे आपलं नेटवर्क सॉफ्टवेअर विकायचं होतं. त्याचा खप वाढावा म्हणून तिने स्वस्त कार्डं आणली. त्यातल्या एनई2000 वर 16 किलोबाइट मेमरी होती, पण तिथून पुढची सगळी हमाली प्रोसेसरच्या माथी. शिवाय इंटरप्ट 3 हीच मूळ जुळणी असल्याने तोच इंटरप्ट वापरणाऱ्या दुसऱ्या सीरियल पोर्टशी भांडण ठरलेलं. तरीही त्याच्या नकला धो धो निघाल्या, कारण एकच ड्रायव्हर बहुतेकांना चालायचा. थ्रीकॉमचं 3सी509 जास्त हुशार: पॅकेट पूर्ण पोचण्याआधीच ते प्रोसेसरला कामाला लावी.

1995 मध्ये 100 मेगाबिटचं मानक आलं. पीसीआय बसवरची कार्डं एव्हाना स्वतःच मेमरीत लिहू लागली होती, आणि इथे रिअलटेकच्या 8139 या चिपचं पितळ उघडं पडलं. पाठवायचं पॅकेट चार बाइटांच्या सीमेवरच सुरू व्हावं, अशी या चिपची अट. आलेली पॅकेटं ती एकाच सलग बफरमध्ये ओतायची. दोन्हीकडे ड्रायव्हरला पुन्हा नक्कल करावी लागे. फ्रीबीएसडीच्या ड्रायव्हरलेखकाने सोर्स कोडमध्येच तिच्यावर खरपूस शेरा मारून ठेवला. फाइल कॉपी करताना इंटेलचं प्रो/100 कार्ड आणि 8139 यांत फारसा फरक जाणवत नसे. तो दिसायचा प्रोसेसरवरच्या भारात. पण प्रोसेसर वर्षागणिक वेगवान होत होते, मग महाग कार्ड कोण घेणार?

तांब्याच्या तारेवरचं गिगाबिट 1999 मध्ये आलं आणि अडचण बसवर सरकली. साध्या पीसीआयची क्षमता सेकंदाला 133 मेगाबाइट, तीही सगळ्या कार्डांत वाटलेली. गिगाबिटला एकाच दिशेला 125 हवेत. इंटेलने 2003 मध्ये 875पी चिपसेटवर नेटवर्कसाठी वेगळी वाट काढली.

2006 मध्ये बिगफूट नेटवर्क्सने गेमरांसाठी ‘किलर’ कार्ड काढलं. त्याला स्वतःचा 400 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, वर लिनक्स, किंमत सुमारे 280 डॉलर. चाचण्यांत फरक निघाला तो जेमतेम. ‘किलर’ हे नाव 2020 मध्ये इंटेलकडे गेलं, थ्रीकॉम त्याआधीच 2010 मध्ये एचपीत विरली होती. रिअलटेकच्या चिपा मात्र मदरबोर्डावर येतच आहेत, आता 2.5 गिगाबिटच्या.