भोपळा, वेळू आणि मेण
डहाणू-तलासरीच्या वाद्यकारागिरीचा अल्प परिचय



लाकडाशी ज्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे अशा आम्हां सुतारांच्या स्मरणिकेत सागाच्या आणि शिसवीच्या कामांची वर्णने वाचण्याची आपणांस सवय आहे. देवळांचे कोरीव सभामंडप, वाड्यांच्या तुळया, पालख्या, बैलगाड्या यांचे गुणगान आपण दरवर्षी करतो, आणि ते योग्यच आहे. यंदा मात्र आम्ही ज्या वस्तूंविषयी लिहिणार आहोत त्यांत लाकूड असे जवळजवळ नाहीच. त्या घडविणाऱ्यास रंधा लागत नाही, गिरमिट लागत नाही. एक धारदार सुरी, थोडा विस्तव आणि तयार कान एवढ्यावर त्याचे काम भागते. त्या वस्तू म्हणजे डहाणू आणि तलासरी या तालुक्यांतील वारली बांधवांची दोन वाद्ये : तारपा आणि घांगळी.

हा विषय निवडण्यास एक निमित्त घडले. हल्ली तरुण कारागिरांत गिटार घडविण्याची हौस दिसू लागली आहे, आणि 'त्यासाठी परदेशी, दुर्मीळ लाकूड कोठे मिळेल?' हा प्रश्न आमच्या कानी वारंवार येतो. हौस चांगली आहे; परंतु प्रश्न नीट विचारला जात नाही, असे आम्हांस वाटते. त्याचे उत्तर देण्यासाठी प्रथम गिटारीचे आणि मग आपल्या शेजारच्या डोंगरपाड्यांचे दोन शब्द सांगितले पाहिजेत.

पूर्वीची गिटार पोकळ पेटीची असे. तिला विजेची जोड मिळाली तेव्हा एक अडचण उभी राहिली. ध्वनिवर्धकातून निघालेला आवाज पुन्हा त्या पोकळ पेटीस थरथरवी आणि वाद्य आपोआप किंचाळू लागे. अमेरिकेतील लेस पॉल या वादकाने १९४० च्या सुमारास चार इंच चौरसाचा पाइनचा ओंडका घेऊन त्याच्यावर तारा चढविल्या, आणि केवळ रूपासाठी त्याच्या दोन्ही अंगांस दुसऱ्या गिटारीच्या कापलेल्या बाजू जोडल्या. पुढे १९५८ मध्ये गिब्सन कारखान्याने जी ई. एस. ३३५ नावाची गिटार बाजारात आणली तिच्यात मध्यभागी मेपलचा भरीव ठोकळा आणि दोन्ही बाजूंस पोकळ पंख अशी रचना होती. भरीव भागाने तारांचा ताण सोसावा व किंचाळणे आवरावे, पोकळ भागाने स्वरास गोडवा द्यावा, अशी ही श्रमविभागणी होय. यालाच अर्धपोकळ गिटार म्हणतात. आज हौशी लोक मागणीप्रमाणे अशी गिटार करवून घेतात, आणि तिच्यासाठी नाना देशांची लाकडे निवडतात.

या निवडीत ज्या लाकडास मोठा मान आहे ते म्हणजे आपले शिसव. ब्राझीलचे शिसव दुर्मीळ होऊ लागले तेव्हा, १९६९ च्या सुमारास, अमेरिकेतील मार्टिन या नामांकित गिटार कारखान्याने भारतीय शिसवीचा अवलंब केला. २०१७ मध्ये शिसवीच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. २०१९ मध्ये तयार वाद्यांस त्यांतून सवलत मिळाली. तेव्हा परदेशी कारागीर ज्यास दूरदेशीचे अपूर्व लाकूड म्हणतो ते आमच्या आजोबांच्या हाताखालून गेलेले लाकूड आहे. एकाचे परसातले ते दुसऱ्याचे अपूर्वाईचे, एवढाच याचा अर्थ.

परंतु हे लाकूड खरोखर कोणाच्या परसातले होते? येथे इतिहासाचे एक कटू पान उलगडावे लागते. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात साग, शिसव आणि चंदन ही सरकारी झाडे मानली गेली. खातेदाराच्या शेतात उभे असले तरी त्या झाडावर त्याची मालकी असेलच असे नव्हते. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव जंगलांच्या सीमा कडक झाल्या. ठाणे जिल्ह्यात यामुळे इतका असंतोष माजला की १८८५ मध्ये ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांतील जंगलविषयक तक्रारींची चौकशी करण्यासाठी सरकारला एक आयोग नेमावा लागला, आणि त्याचा अहवाल १८८७ मध्ये बाहेर पडला. ज्या वारली माणसाच्या दारात जंगल होते, तोच ठेकेदाराच्या मजुरीने ते तोडीत असे. त्यातला सोट मात्र त्याच्या घरास लागत नसे. वेठबिगारीने हा समाज पिचला होता. २३ मे १९४५ रोजी तलासरीनजीकच्या झरी गावी वारल्यांची मोठी सभा भरली आणि वेठीस नकार देण्याचा निर्धार झाला. गोदावरी परुळेकर यांनी या लढ्याची हकीकत पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात लिहिली, हे वाचकांस ठाऊक असेलच.

आता तारप्याकडे पाहू. तारपा या कायद्यांमुळे जन्मला असे आमचे म्हणणे नाही. परंतु एवढे निश्चित की ज्या वाद्यासाठी शिसव लागत नाही, साग लागत नाही, ते वाद्य शिसव-साग हिरावले गेल्यावरही जगू शकले. त्याचे साहित्य ऐका. झोपडीच्या छपरावर किंवा मांडवावर चढविलेल्या वेलीचा लांब मानेचा भोपळा, बारीक वेळूच्या दोन नळ्या, ताडाची पाने, आणि मधमाश्यांचे मेण. यांतले काहीही दुकानात मिळत नाही, आणि दुकानातून आणावेही लागत नाही.

भोपळा वेलीवरच जून होऊ द्यावा लागतो. पुरता वाळल्यावर तो आतून कोरून बिया काढतात. मानेला फुंकण्यासाठी भोक पाडतात आणि पोटाच्या बाजूस दोन्ही नळ्या बसवितात. प्रत्येक नळीच्या भोपळ्यात जाणाऱ्या टोकास वेळूचीच कापलेली एक बारीक जीभ असते. वादक फुंकर घालतो ती थेट जिभेवर पडत नाही; भोपळ्यात हवा साठते, आणि तो दाब दोन्ही जिभांना एकदम नाचवितो. नळ्यांच्या बाहेरच्या टोकांना ताडाच्या पानांचा गुंडाळलेला कर्णा जोडतात, त्याने आवाज मोठा होऊन दूरवर पोहोचतो. सारे सांधे मेणाने बंद करतात. एका सांध्यातून जरी हवा निसटली तरी वाद्य मुके होते.

आमच्यातील जाणत्या कारागिरांनी येथे क्षणभर थांबावे. जीभ किती पातळ तासावी याचे माप कोणत्याही पट्टीवर नसते. जाड राहिली तर ती हलत नाही, फार पातळ झाली तर चिकटून बसते. अशा जिभेच्या टोकाशी मेणाचा कण लावला की सूर उतरतो, कण काढला की चढतो. दोन नळ्यांचे सूर एकमेकांशी जुळेपर्यंत हा खेळ चालतो. सांधा घट्ट बसला की नाही हे आपण डोळ्यांनी पाहतो. तारपा करणारा ते कानांनी ऐकतो. हातोटी तीच, इंद्रिय निराळे.

घांगळी हे तंतुवाद्य. वेळूची दांडी, तिच्याखाली दोन वाळलेले भोपळे आणि वर तारा, अशी तिची ठेवण असते. धान्याची देवता जी कणसरी, तिच्या पूजेत भगत घांगळी छेडून रात्री देवीची कथा गातो. अर्धपोकळ गिटारीचे जे तत्त्व आम्ही वर सांगितले ते येथे किती साध्या रीतीने नांदते पाहा : दांडीने ताण सोसावा आणि भोपळ्याने बोलावे. आमचा असा दावा नाही की एकाने दुसऱ्याचे पाहून केले. काम सारखे पडले की शहाणे हात सारख्या वाटेने जातात, एवढेच.

भोपळ्याचे महत्त्व आपल्या मिरजेसही माहीत आहे. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, शस्त्रांची मागणी ओसरल्यावर, फरीदसाहेब आदी शिकलगार मंडळी सतारी-तंबोऱ्यांच्या कामाकडे वळली. पंढरपूरकडील भोपळे आणि तूण लाकूड यांवर त्यांनी आपली विद्या उभारली. मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. मैफलीच्या गवयांनी मिरजेच्या कारागिराचे नाव देशभर नेले. तारप्यास असा गवई लाभला नाही. त्याची मैफल म्हणजे पाड्याचे अंगण. भात तयार झाले की तारपकरी मध्ये उभा राहतो, स्त्री-पुरुष एकमेकांस धरून त्याच्याभोवती फेर धरतात, आणि तो वळेल तशी ती माळ वळते.

हाच फेर आज जगभर भिंतींवर आणि वस्त्रांवर दिसतो. तलासरी तालुक्यातील धामणगावी जन्मलेले आणि डहाणू तालुक्यातील गंजाड येथील कळंबीपाड्यावर राहिलेले जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्रकला लग्नघराच्या भिंतीवरून कागदावर आणली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि २०१८ मध्ये ते निवर्तले. वारली चित्रांस २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांकही मिळाला. चित्रातला तारपा असा देशोदेशी गेला. तारपा हातात धरणाऱ्यास मात्र मान मिळण्यास फार वेळ लागला. शेजारच्या जव्हार तालुक्यातील वाळवंडा येथील वयोवृद्ध तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांस २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा हे ऋण थोडेसे फिटले.

थोडेसेच, असे आम्ही जाणून म्हणतो. लग्नाच्या मांडवात ध्वनिवर्धक वाजू लागला की फेरात उभा राहणारा तरुण कमी होतो, आणि वाद्य मागणारा नसला की घडविणाराही उरत नाही. लांब मानेच्या भोपळ्याचे बी दरवर्षी पेरले नाही तर तेही घरातून जाते. यात एक दिलासा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू, मध आणि मेण यांची गणना गौण वनोपजांत केली व त्यांवर वननिवासींचा मालकी हक्क मान्य केला. तारप्याचा वेळू आणि तारप्याचे मेण आता कायद्याच्या पानावर आहे. हक्क मिळाला; तो वापरणारे हात टिकविणे हे काम उरले.

आमच्या ज्ञातीकडूनही येथे एक चूक घडत आली आहे, ती कबूल केली पाहिजे. ज्यात लाकूड नाही त्यास आम्ही कारागिरी मानली नाही. नांगर, गाडी, दरवाजा या कामांनिमित्त आमचे वाडवडील या पाड्यांवर गेले, अंगणात टांगलेला तारपा त्यांनी पाहिला, आणि 'भोपळ्याचे खेळणे' म्हणून ते पुढे गेले. त्या पिढीस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. आपण तरी तसेच पुढे जाऊ नये, एवढीच विनंती आहे.

म्हणून गिटार करू पाहणाऱ्या आमच्या तरुणांस आमची सूचना अशी. दुर्मीळ लाकडाचा शोध अवश्य करा. पण त्याआधी एकदा डहाणूच्या किंवा तलासरीच्या पाड्यावर जा. जो तारपा करतो त्याच्यापाशी चार दिवस बसा, त्याच्या श्रमाचे मोल रोख द्या, त्याचे नाव विचारून घ्या, आणि जीभ तासताना तो काय ऐकतो ते ऐका. परत येताना भोपळ्याचे मूठभर बी मागून आणा आणि आपल्या परसात पेरा. आमच्या पुढील स्नेहसंमेलनाच्या मंगलप्रसंगी सनईच्या जोडीस तारप्यास मानाने बोलवावे, अशीही आमची मंडळास नम्र विनंती आहे. इत्यलम्.