टीव्ही विकणाऱ्या कंपनीने व्हिडिओ गेमच्या बाजारात उतरावे का?

जून १९९१ मध्ये शिकागो येथे भरलेल्या ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात सोनी या जपानी कंपनीने एका नव्या यंत्राची घोषणा केली. निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या लोकप्रिय गेमयंत्राला सीडी वाचण्याची सोय जोडून ते तयार व्हायचे होते आणि त्याचे नाव ‘प्ले स्टेशन’ असे ठरले होते. दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने त्याच प्रदर्शनात जाहीर केले, की सीडीच्या कामासाठी आपण फिलिप्स या डच कंपनीशी हातमिळवणी केली आहे. १९८८ साली झालेल्या मूळ करारानुसार सीडीवर निघणाऱ्या खेळांच्या परवान्यांवर सोनीचे नियंत्रण राहणार होते. या धंद्यातील खरे उत्पन्न त्या परवान्यांतूनच येते, हे निन्टेन्डोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची पुरेपूर जाणून होते. म्हणूनच त्यांनी करार मोडण्याची नामुष्की पत्करली.

या चारचौघांतील मानहानीनंतर सोनीपुढे प्रश्न उभा राहिला तो असा : टीव्ही, वॉकमन आणि कॅमेरे विकणाऱ्या कंपनीने मुलांच्या खेळाच्या धंद्यात पडावे का? कंपनीतील अनेक वरिष्ठांचे उत्तर नकारार्थी होते. खेळणी विकल्याने सोनीच्या नावाची प्रतिष्ठा कमी होईल, अशी त्यांची धारणा होती. शिवाय १९८३ च्या सुमारास अमेरिकेत अटारीच्या काळातील व्हिडिओ गेमचा बाजार कसा कोसळला, हे सर्वांनी पाहिलेले होते.

विरुद्ध बाजूला होते केन कुतारागी. १९७५ मध्ये सोनीत रुजू झालेल्या या अभियंत्याने आपल्या मुलीला निन्टेन्डोचा फॅमिकॉम खेळताना पाहिले आणि त्याच्या सुमार आवाजापेक्षा चांगले काही देता येईल, असे त्यांना वाटले. वरिष्ठांना पुरती कल्पना न देताच त्यांनी निन्टेन्डोसाठी ध्वनिनिर्मितीची चिप तयार केली. ती १९९० च्या सुपर फॅमिकॉममध्ये बसली. एरवी अशा उद्योगाबद्दल नोकरी गेली असती. परंतु अध्यक्ष नोरिओ ओगा यांनी कुतारागींना पाठीशी घातले. १९९२ च्या उन्हाळ्यात झालेल्या निर्णायक बैठकीत स्वतंत्रपणे यंत्र काढण्याचा कौल ओगा यांनीच दिला. निन्टेन्डोने केलेल्या अपमानाचा संताप त्या निर्णयामागे होता, हे लपून राहिलेले नाही. मात्र केवळ संतापावर हे यंत्र उभे राहिले नसते.

ओगा यांनी पुढे जे केले ते अधिक महत्त्वाचे आहे. त्यांनी कुतारागींना सोनीच्या मुख्य अभियांत्रिकी विभागातून हलवून संगीत कंपनीच्या लोकांत नेऊन बसवले. नोव्हेंबर १९९३ मध्ये स्थापन झालेली सोनी कॉम्प्युटर एंटरटेनमेंट ही कंपनी सोनी आणि तिची जपानमधील संगीत कंपनी यांची संयुक्त मालकीची होती. ओगा स्वतः शिक्षणाने गायक आणि १९७० पासून ध्वनिमुद्रिकांच्या कंपनीचे प्रमुख राहिलेले. बीटामॅक्सचा धडाही ताजा होता. १९७५ साली बाजारात आलेली ती उत्तम यंत्रणा व्हीएचएसपुढे टिकली नाही. त्यानंतर सोनीने १९८८ मध्ये सीबीएस रेकॉर्ड्स व १९८९ मध्ये कोलंबिया पिक्चर्स या कंपन्या विकत घेतल्या, त्या यंत्राला आशयाची जोड हवी म्हणूनच.

येथे दोन धंद्यांतील मूलभूत फरक समजून घेतला पाहिजे. टीव्ही किंवा रेफ्रिजरेटर विकणारी कंपनी प्रत्येक नगामागे नफा मिळवते, दरवर्षी नवे मॉडेल काढते आणि गिऱ्हाईक दुकानातून बाहेर पडले, की दुरुस्तीपुरताच त्याच्याशी संबंध ठेवते. गेमयंत्राचे गणित याच्या उलट आहे. यंत्र जवळपास उत्पादनखर्चात, प्रसंगी तोट्यात विकावे लागते; ते पाच-सहा वर्षे बदलता येत नाही, कारण खेळ तयार करणाऱ्यांना डोळ्यांपुढे एक स्थिर यंत्र लागते. उत्पन्न येते ते विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळावरील परवानाशुल्कातून. म्हणजे कंपनीचे दोन ग्राहक असतात : घरी खेळणारा मुलगा आणि खेळ लिहिणारा कारागीर. यांपैकी दुसरा आधी मिळवावा लागतो, आणि त्याच्याशी कसे बोलावे हे टीव्ही विकणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते.

संगीत कंपनीला ते ठाऊक होते. निन्टेन्डोचे खेळ कार्ट्रिजवर येत. कार्ट्रिज म्हणजे प्लॅस्टिकच्या पेटीतील चिप. ती बनवणे महाग आणि वेळखाऊ. प्रकाशकाला आगाऊ पैसे भरून मोठी ऑर्डर नोंदवावी लागे. खेळ अपेक्षेपेक्षा अधिक खपला तर नवा माल येईपर्यंत मागणी ओसरे, आणि खपला नाही तर गोदामात पडलेला साठा प्रकाशकाला बुडवी. उलट सीडी स्वस्तात आणि झटपट छापता येत होती. सोनीच्या संगीत विभागाकडे छापण्याचे कारखाने होते आणि गाण्याची तबकडी गाजू लागताच थोड्या थोड्या प्रती पुन्हा छापून दुकानांपर्यंत पोहोचवण्याची सवयही होती. तीच रीत त्यांनी खेळांना लावली. सुपर फॅमिकॉमचे मोठे खेळ दहा हजार येनांच्याही वर गेले असताना प्लेस्टेशनवरील नामको कंपनीचा ‘रिज रेसर’ ५,८०० येनांना मिळू लागला. एका सीडीवर सुमारे ६५० मेगाबाइट माहिती मावे, ही बाब तर वेगळीच.

३ डिसेंबर १९९४ रोजी प्लेस्टेशन जपानमध्ये विक्रीस आले. किंमत ३९,८०० येन. मे १९९५ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात सेगाने आपल्या सॅटर्नची किंमत ३९९ डॉलर सांगितली, तेव्हा सोनीच्या प्रतिनिधीने व्यासपीठावर येऊन ‘२९९’ एवढाच आकडा उच्चारला आणि तो खाली उतरला. निन्टेन्डोने १९९६ च्या नव्या यंत्रातही कार्ट्रिजच ठेवल्याने तोवर निन्टेन्डोसाठीच ‘फायनल फँटसी’ मालिका काढणारी स्क्वेअर ही कंपनी सोनीकडे आली. तिचा सातवा भाग १९९७ मध्ये तीन सीडींवर निघाला. पहिल्या प्लेस्टेशनचे दहा कोटींहून अधिक नग खपले.

या यशाकडे पाहून इतरांनीही उतरावे, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. घरगुती व्हिडिओ गेमचे पहिले यंत्रच मुळी एका टीव्ही कंपनीने विकले होते. राल्फ बेअर यांच्या संशोधनावर आधारलेले ते ‘ओडिसी’ १९७२ मध्ये मॅग्नावॉक्सने बाजारात आणले. ते कंपनीच्या स्वतःच्या विक्रेत्यांकडेच मिळे. त्यामुळे ते फक्त मॅग्नावॉक्सच्याच टीव्हीवर चालते, असा पुष्कळांचा समज झाला. टीव्ही खपवण्याचे साधन म्हणून पाहिल्याने एक नवा उद्योग हातचा गेला. तो अटारीने उभा केला.

सर्वांत बोलके उदाहरण आहे ३डीओचे. ट्रिप हॉकिन्स यांच्या कंपनीने यंत्राचा आराखडा करायचा आणि पॅनासॉनिक, सान्यो, गोल्डस्टार यांसारख्या उत्पादकांनी ते बनवून विकायचे, अशी ती योजना होती. खेळांवरील शुल्क प्रति नग अवघे तीन डॉलर, त्यामुळे खेळ तयार करणारे खूश. परंतु ते शुल्क जात होते हॉकिन्सच्या कंपनीला. पॅनासॉनिकला आपला नफा यंत्राच्या किमतीतूनच काढावा लागला आणि ऑक्टोबर १९९३ मध्ये ते सातशे डॉलरला बाजारात आले. सुपर निन्टेन्डो अमेरिकेत १९९ डॉलरला आलेला होता. तंत्रज्ञानात खोट नव्हती. हिशेबाची पद्धत टीव्हीची होती. पॅनासॉनिकने २०१० मध्ये ‘जंगल’ नावाचे हातात धरायचे यंत्र जाहीर केले, तेही पुढच्याच वर्षी गुंडाळले.

फिलिप्सचे सीडी-आय यंत्र ज्ञानकोश, चित्रपट, संगीत आणि खेळ हे सारे एकाच पेटीत देऊ पाहत होते. निन्टेन्डोशी झालेल्या करारातून मारिओ आणि झेल्डा ही पात्रे वापरण्याची मुभा मिळूनही त्यांवरचे खेळ थट्टेचाच विषय झाले. नोकियाच्या २००३ मधील एन-गेजमध्ये खेळ बदलण्यासाठी बॅटरी काढावी लागे आणि बोलताना फोन कडेवर उभा धरावा लागे. खेळणाऱ्या माणसाचा विचार आराखड्यात कोणी केलाच नव्हता.

खुद्द सोनीलाही हा धडा दुसऱ्यांदा गिरवावा लागला. प्लेस्टेशन २ मध्ये डीव्हीडी पाहण्याची सोय होती आणि ती लाभदायक ठरली, कारण डीव्हीडी तोवर रुळली होती. २००६ च्या प्लेस्टेशन ३ मध्ये मात्र ब्लू-रे हे सोनीचे नवे तंत्र रुजवण्याची जबाबदारी गेमयंत्राच्या गळ्यात टाकण्यात आली. जोडीला सेल नावाची महागडी चिप. अमेरिकेत किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर झाली, आणि तरीही यंत्र तोट्यातच विकले जात होते. मार्च २००७ अखेरच्या वर्षात गेम विभागाचा तोटा २३२ अब्ज येनांवर गेला. ब्लू-रेने पुढे तोशिबाच्या एचडी डीव्हीडीला हरवले हे खरे, पण ती लढाई इलेक्ट्रॉनिक्स विभागाची होती आणि खर्च गेम विभागाच्या माथी पडला. कुतारागी २००७ मध्येच पायउतार झाले.

भारतातील जुन्या खेळाडूंना यातील बरेचसे अपरिचित वाटेल. येथे नव्वदच्या दशकात घरोघरी पोहोचला तो फॅमिकॉमच्या नकलांचा ‘टीव्ही गेम’. त्याच्या कार्ट्रिजवर हजारो खेळ असल्याचे छापलेले असे आणि परवानाशुल्क नावाची गोष्ट कोणाच्या गावीही नव्हती. परवान्याचा खेळ येथे तयार व्हायला बराच काळ जावा लागला. २००९ मध्ये सोनीने प्रकाशित केलेला प्लेस्टेशन २ वरील ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हैदराबादेत बनला.

आज उतरू पाहणाऱ्या कंपनीसाठी दार जरा निराळे आहे. सॅमसंगने २०२२ मध्ये आपल्या टीव्ही संचांतच दूरच्या सर्व्हरवरून खेळ चालवण्याची सोय दिली. त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. खेळ आणि शुल्क मायक्रोसॉफ्टसारख्यांचे, पडदा सॅमसंगचा. यात जोखीम कमी, तसाच वाटाही. सर्व्हरवरील खेळांचाच मार्ग निवडणाऱ्या गुगलने २०१९ मध्ये सुरू केलेली स्टेडिया ही सेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद केली. पैसा आणि तंत्रज्ञान दोन्ही मुबलक असूनही पुरेसे खेळ जमवता आले नाहीत.

सोनीने २०१४ मध्ये संगणकाचा व्यवसाय विकला आणि टीव्हीचा विभाग वेगळ्या उपकंपनीत काढला. मार्च २०२४ अखेरच्या वर्षात कंपनीच्या एकूण विक्रीतील सुमारे एक तृतीयांश वाटा गेम विभागाचा होता.