अब्बांच्या थैलीतली हत्यारे

मागच्या पावसाळ्यात आमच्या घराचे मागचे दार फुगले. कडी लागेना. जळगावात मेहरूण भागात राहणाऱ्याला मिस्त्री मिळायला अडचण नसते, पण मिळालेला मिस्त्री यायला चार दिवस लागतात. पाचव्या दिवशी मी माळ्यावरून अब्बांची कॅनव्हासची थैली खाली काढली.

अब्बा धुळ्यात सुतारकाम करायचे. दारे, खिडक्या, आधीच्या काळात बैलगाड्यांची दुरुस्तीसुद्धा. मला मात्र त्यांनी हत्याराला कधी हात लावू दिला नाही. "तू कलम धर," म्हणायचे. मी कलम धरली, बी.एड. झालो, उर्दू शाळेत मराठी शिकवू लागलो. आणि चाळिशी ओलांडल्यावर फुगलेल्या दारासमोर रंधा हातात घेऊन उभा राहिलो, तर पाते वर ठेवायचे की खाली हेही कळेना.

त्याच सुमारास शाळेत एक गोष्ट घडली होती. मराठी भाषा गौरव दिनाची तयारी चालली होती. एका सहकाऱ्यांनी फलकासाठी 'मराठीतून हद्दपार करायचे शब्द' अशी यादी आणली. बहुतेक शब्द फार्सी-अरबी. माणूस भला आहे, माझ्याशी वैर नाही. यादी माझ्याच हातात दिली, कारण माझे अक्षर चांगले आहे. मी तेव्हा काही बोललो नाही. पण थैली उघडून एकेक हत्यार फरशीवर मांडताना ती यादी डोळ्यांसमोर आली.

पहिला निघाला रंधा. सागवानी ठोकळा, मध्ये पाते, ते घट्ट बसवायला लाकडी पाचर. फार्सीत 'रंदीदन' म्हणजे खरवडणे, तासणे. त्यावरून 'रंदा'. आज इराणमध्ये स्वयंपाकघरातल्या किसणीलाही हाच शब्द चालतो. त्यांची बाई ज्याने गाजर किसते, त्याच नावाच्या वस्तूने आपला सुतार फळी गुळगुळीत करतो.

मग जंबुरा, खिळा उपटायचा. फार्सीत 'जंबूर' म्हणजे गांधीलमाशी किंवा मधमाशी. जंबुऱ्याचे दोन वाकडे जबडे पाहा आणि गांधीलमाशीचे तोंड आठवा, नाव ठेवणाऱ्याची नजर कळते.

सगळ्यात मजेदार गुण्या. लाकडाचा कोपरा काटकोनात आहे की नाही हे पाहायचा. हा शब्द फार्सीतून आला, पण फार्सीचाही नाही. मूळ ग्रीक 'गोनिया', म्हणजे कोन. गणिताच्या पुस्तकातल्या पॉलिगॉनमध्ये जो 'गॉन' आहे, तोच. ग्रीकांकडून इराणात, इराणातून हिंदुस्थानात, आणि धुळ्याच्या एका सुताराच्या थैलीत. अब्बा चौथी शिकलेले होते. ग्रीस कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, पण त्यांचा गुण्या एक सूतभरही चुकत नसे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. १९५६ साली कायद्याने मेट्रिक मापे आली, तरी आजही मिस्त्री 'तीन इंच दोन सूत'च म्हणतो.

अर्थात थैलीत सगळे बाहेरचे नव्हते. करवत हा शब्द संस्कृत 'करपत्र'वरून आलेला. वाकस, पटाशी, कानस हे शब्द ठेठ आपले. मिस्त्री हा शब्द मात्र पोर्तुगीज 'मेस्त्रे', म्हणजे उस्ताद, यावरून आला, चावीही त्यांचीच. गिरमीट हे इंग्रजी 'गिम्लेट'चे आपण केलेले रूप. एका थैलीत पाच-सहा भाषा, आणि कोणी कोणाशी भांडत नाही. (भांडण होत असे ते धार कोणी बोथट केली यावरून.)

खानदेशात फार्सी कधी आली हे सांगायला इतिहास फार खणावा लागत नाही. १३८२ ते १६०१ फारुकी सुलतानांचे राज्य होते. शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरला त्यांच्या कबरी आजही उभ्या आहेत, त्यांचे दगडी कोरीवकाम एकदा जाऊन पाहावे. १६०१मध्ये असीरगड पडला आणि अकबराने खानदेश घेतला. शहजादा दानियालच्या नावाने सुभ्याला काही काळ 'दानदेश' म्हणत. अकबराने मोजमापासाठी ४१ अंगुळांचा इलाही गज ठरवला होता. दरबार, इमारत, मोजणी या सगळ्यांची भाषा फार्सी, आणि कारागीर तर दरबाराचे काम करणारच.

शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, हे आपण शाळेत शिकवतो. दरबार, किल्ले, शस्त्रे, लेखन यांतल्या यावनी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले. राज्य नवे, त्याची भाषा आपली असावी, हा विचार मला समजतो. पण तो कोश राज्यव्यवहारासाठी होता. सुताराच्या पडवीत कोणी कोश घेऊन गेले नाही. त्यामुळे 'पेशवा'ला 'पंतप्रधान' म्हटले गेले, पण रंधा रंधाच राहिला.

पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुनी कागदपत्रे घेऊन त्यांतले फार्सी शब्द मोजले आणि शिवकाळात ते कसे घटत गेले ते दाखवले. राजवाडे १९२६च्या ३१ डिसेंबरला आमच्या धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे आहे. त्याच्या एक वर्ष आधी, १९२५मध्ये, माधवराव पटवर्धनांचा, म्हणजे माधव जूलियनांचा, फारसी-मराठी कोश निघाला. एक ब्राह्मण कवी फार्सीचा प्राध्यापक होतो आणि मराठीसाठी असा कोश करतो, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

थैलीच्या तळाशी सामता होता. हा मी नुसता ऐकला होता. भोक पाडायचा लाकडी दांडा, टोकाला लोखंडी अणी, आणि तो फिरवायला दोरी बांधलेली कमान. कमान पुढे-मागे ओढली की दांडा गरगर फिरतो. इजिप्तमध्ये रेखमिरे नावाच्या वजिराच्या थडग्यात, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या भिंतीवरच्या चित्रात, सुतार हेच करताना दिसतो. आमच्या सामत्याची दोरी कुजली होती. अब्बांनी तो शेवटी कधी वापरला असेल? मला आठवते तेव्हापासून त्यांच्याकडे हाताने फिरवायची दाते असलेली ड्रिल होती.

विजेवरची हातात धरायची ड्रिल जर्मनीत श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५मध्ये केली. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा खटका ही अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकरची कल्पना, तिचे पेटंट १९१७चे. आज फुले मार्केटच्या आसपास कुठल्याही दुकानात मागा, त्याच घडणीचे यंत्र समोर ठेवतील. तिच्या जोडीला भिंतीत बसवायचा प्लग, ज्याला आपला इलेक्ट्रिशियन 'रावळ प्लग' म्हणतो. खानदेशात रावळ आडनाव आहे, म्हणून मी बरीच वर्षे समजत होतो की कोणा रावळसाहेबांनी काढला असेल. तो निघाला लंडनचे जॉन रॉलिंग्ज यांचा, साल १९११. मूळ शब्द 'रॉलप्लग'.

पण एक सांगतो. ड्रिल आणली आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या कुर्त्याची बाही बिटमध्ये गुंडाळली गेली. खटका सोडला म्हणून वाचलो. अब्बांनी काम करताना ढगळ कपडे कधी घातले नाहीत, ते का, हे तेव्हा कळले. ग्राइंडरच्या बाबतीत तर मी सक्त आहे. त्याची चकती मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेते. पुष्कळ कारागीर वरचे पत्र्याचे झाकण अडचण म्हणून काढून टाकतात आणि लाकूड कापायची दातेरी चकती लावतात. घरात हे करू नका.

घरात काय ठेवावे, असे मला आता लोक विचारतात, कारण दार मी शेवटी दुरुस्त केले. करवत एक, आणि लोखंड व पीव्हीसीसाठी हॅकसॉ वेगळी. जळगाव पाईप बनवणारे गाव, तिथे पाईप कापायची वेळ येतेच. अर्धा इंच आणि एक इंच पटाशी. गुण्या. टेप. पक्कड, ती मी तापरियाची घेतली, नाशिकच्या सातपूरची. १९६०च्या दशकात स्वीडिश कंपनीच्या सहकार्याने उभा राहिलेला हा कारखाना. जंबुरे आणि हातोड्या राजस्थानातल्या नागौरहून येतात, तिथले मुस्लिम लोहार पिढ्यानपिढ्या हेच घडवतात. एक ड्रिल. आणि या सगळ्यांच्या आधी धार लावायचा दगड. बोथट पटाशीने हात कापतो, धारदार पटाशीने लाकूड. खानदेशातले अंजनाचे लाकूड ज्याने एकदा कापून पाहिले, त्याला धारेचे महत्त्व सांगावे लागत नाही.

बी.एड.ला आम्हाला वर्धा शिक्षण योजनेवर दहा गुणांचा प्रश्न असे. १९३७, अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन, जे पुढे राष्ट्रपती झाले. हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी. कताई-विणकाम, शेती, सुतारकाम. त्याच्या आदल्याच वर्षी, डिसेंबर १९३६मध्ये, आमच्या फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन झाले. तिथली सजावट नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्या साहित्यातून उभी केली, म्हणजे ती उभी करणारे हात खानदेशी कारागिरांचेच. हे सगळे मी सुवाच्य अक्षरात लिहिले आणि नऊ गुण मिळवले. करवत तेव्हाही हातात धरली नव्हती. आणि आज कार्यानुभवाच्या तासाला मी मुलांकडून थर्माकोलचा ताजमहाल करून घेतो.

वर्गात मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा आहे. वडील फर्निचरचे काम करतात, तो सुटीत त्यांच्याबरोबर जातो. मराठीच्या पेपरात जेमतेम पास. थैली मी शाळेत नेली त्या दिवशी पहिल्यांदा तो आपणहून पुढे आला. प्रत्येक हत्यार उचलून नाव सांगत गेला, सामता सोडून. रंध्याचे पाते अंगठ्याने चाचपून म्हणाला, "सर, याची धार उलटी लावली तुम्ही."

यादीवाले सहकारीही पाहत होते. त्यांनी गुण्या हातात घेतला, ग्रीकची हकिगत ऐकली आणि विचारले, मग याला मराठीत काय म्हणायचे? मुलगाच म्हणाला, "गुण्या, सर."

फलक झाला. यादी त्यावर लागली नाही, का लागली नाही ते मी विचारले नाही. रंधा सध्या त्या मुलाच्या घरी आहे, पाते नीट करून आणायला नेलाय.