कारवान : शिकार संपली, धाव उरली

१/
सातमाळा डोंगररांगेतील किल्ला, होळकरांची टांकसाळ आणि रंगमहाल ही चांदवडची परिचित ओळख. या गावाला महत्त्व आले ते मात्र वाटेमुळे. खानदेश आणि नाशिक यांना जोडणारा जुना व्यापारी मार्ग येथील खिंडीतून जात असे. अशा मार्गांवरील व्यापारी तांड्यांचे, म्हणजेच कारवानांचे, नाव दख्खनच्या एका शिकारी कुत्र्याला मिळाले : कारवान.

२/
सालुकी, ताझी या पश्चिम व मध्य आशियाई कुत्र्यांशी त्याचे नाते मानले जाते. मुधोळ संस्थानचे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीच्या पैदाशीला आश्रय दिला. म्हणून तिचे दुसरे नाव मुधोळ. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढले.

३/
हा कुत्रा वासापेक्षा नजरेने शिकार करतो. लांब पाय, खोल छाती, आत गेलेले पोट : सारी शरीररचना उघड्या माळावर सशाचा वा काळविटाचा पाठलाग करण्यासाठी घडलेली. गावाकडे तो शिकारीचा साथीदार होता आणि रात्री वस्तीचा राखणदारही.

४/
१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकारीचा मार्ग बंद केला. ते आवश्यकच होते. परंतु शेकडो वर्षांच्या निवडक पैदाशीने रक्तात मुरलेली धाव कायद्याने थांबत नाही.

५/
आज कारवान शहरी घरांतही पोचला आहे. घरच्या माणसांशी तो जिव्हाळ्याने वागतो, परक्यांपासून अंतर राखतो, दरडावल्यास मिटून जातो. अंगावर चरबी कमी आणि केस आखूड असल्याने त्याला थंडी बाधते. साखळीला बांधून दिवस काढायला लावले, तर तो अस्वस्थ होतो आणि वस्तूंची नासधूस करतो. त्याला रोज कुंपण असलेल्या मोकळ्या जागेत पळू देणे, ही चैन नव्हे. ती त्याची गरज आहे.

६/
कुंपण यासाठी, की पळणारे काही दिसताच हाक त्याच्या कानी पोचत नाही. चांदवडजवळून आता मुंबई–आग्रा महामार्ग जातो. तांड्यांची जागा मालट्रकांनी घेतली आहे. वाट बदलली, कुत्र्याची नजर तीच राहिली.

७/
एखादी जात टपाल तिकिटावर जपता येते, पण जगते ती घरात. त्या घराने तिच्या देखणेपणासोबत तिचा इतिहासही सांभाळायला हवा.

(समाप्त)