कणीक आणि बटण

अमेरिकेत फेंडर यांनी १९५१ साली विजेवरची बास गिटार काढली आणि १९५२ साली तिच्यासाठी 'बासमन' अँप्लिफायर. आज अशा अँप्लिफायरवर खर्ज, मध्य आणि तीव्र सुरांची वेगळी बटणं असतात. बोटांनी वाजवताना मधले सूर थोडे वाढवतात. अंगठ्याने तार ठोकायची असली की तेच कमी करतात.

हा विचार आपल्याला नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्याच्या कातड्याला नदीकाठची माती लावायला सांगितलं आहे, ती नसेल तर पीठ. चोरखमाऱ्याकडच्या आमच्या भजनातही मृदंगाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लागते. कणीक वाढवली की आवाज खाली उतरतो, खरवडली की चढतो. वाळली की पाण्याचं बोट. पण मृदंगवाला आधी गाणाऱ्याची पट्टी ऐकतो, मगच कणकेला हात लावतो.

हल्ली मांडवात खर्जाचं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवतात. छाती धडधडते आणि अभंगाचे शब्द बुडतात. शब्दच ऐकू आले नाहीत तर ते भजन कसलं? बटण खुशाल वापरा, पण आधी गाणाऱ्याचं ऐका.

असो.