सोबत कोण?

पुराणातली द्वारका समुद्राच्या काठी वसलेली होती. आमच्या नाशिकची द्वारका मुंबईच्या बंदरापासून चांगली शंभर मैल दूर, आणि तिथे लाटा आहेत त्या वाहनांच्या. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता या चौकात एकमेकांना भेटतात. डोक्यावरून उड्डाणपूल गेला आहे आणि खाली रिक्षा, एस.टी. आणि द्राक्षांचे टेंपो एकमेकांना वाट देत-घेत असतात. नाशिकरोडला गाडी पकडायची असो की मोटारीने थेट मुंबईचा विमानतळ गाठायचा असो, परगावी निघालेल्या नाशिककराची बहुधा द्वारकेशी गाठ पडतेच. आणि तो परदेशी निघालेला असेल, त्यातून एकटा, तर पोहोचवायला आलेल्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो : “सोबत कोण आहे?”

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. तिकीट कितीचे, थंडी किती, खाण्याचे काय, हे सगळे प्रश्न त्याच्या मागून येतात. मुलगी लंडन पाहायला एकटी निघाली तर आजी हाच प्रश्न विचारते, आणि निवृत्त झालेले वडील पॅरिसला एकटे जातो म्हणाले तर मुलगाही हाच विचारतो. त्यात माया असते, धास्तीही असते. पण या प्रश्नाला आपल्याच माणसांनी पूर्वी कोणकोणती उत्तरे दिली, हे पाहू लागले की मोठी मौज वाटते. तीन उत्तरे तर अशी आहेत की आजच्या प्रवाशानेही ती गाठीला बांधून घ्यावीत.

पहिले उत्तर आनंदीबाई जोशी यांचे. ७ एप्रिल १८८३ या दिवशी कलकत्त्याच्या बंदरातून त्या अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांना अठरावे वर्ष पुरे होऊन जेमतेम आठवडा झाला होता. समुद्र ओलांडणे म्हणजे जात गमावणे, असा तो काळ. बोटीवर ओळखीच्या मिशनरी स्त्रिया होत्या. पण नात्याचे एकही माणूस नव्हते. पती गोपाळराव मागे राहिले होते. मग आनंदीबाई कोणाच्या भरवशावर निघाल्या? एका पत्राच्या! गोपाळरावांनी एका मिशनऱ्याला लिहिलेले पत्र अमेरिकेतील एका मासिकात छापून आले होते. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर यांनी ते १८८० साली दंतवैद्याच्या दवाखान्यात आपली पाळी येईपर्यंत सहज चाळले, आणि त्या मुलीला पत्र घातले. पुढे तीन वर्षे दोघींची पत्रे जात-येत राहिली. जून महिन्यात आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा ज्यांना आपण कधी पाहिले नाही अशा बाईंच्या घरी त्या माहेरी जावे तशा गेल्या. कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणत. निघण्यापूर्वी तीन वर्षे माणूस जोडणे, ही त्यांची प्रवासाची तयारी.

या प्रवासाची किंमतही त्यांनी मोजली, हे विसरता येत नाही. फिलाडेल्फियाची थंडी, नऊवारी लुगडे, शाकाहार, अभ्यासाचा ताण. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, क्षयाने पोखरलेल्या देहाने मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. त्या वेळी त्यांना बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. घरच्यांची धास्ती नेहमीच खुळी असते असे म्हणण्याचे धाडस म्हणूनच कोणी करू नये.

दुसरे उत्तर नाशिकच्या शेजारच्या भगूरचे. विनायक दामोदर सावरकर ९ जून १९०६ रोजी मुंबईहून ‘पर्शिया’ बोटीने बॅरिस्टरीच्या शिक्षणासाठी लंडनला निघाले. त्यांचा हेतू शहर पाहण्याचा नव्हता, हे सर्वांना ठाऊक आहे. पण प्रवासाच्या दृष्टीने पाहिले तर त्यांच्यापुढे एक सोय तयार होती. पंडित श्यामजी कृष्ण वर्मा यांनी १९०५ साली हायगेट भागात ‘इंडिया हाउस’ उघडले होते. तिथे राहायला खोली, बोलायला स्वदेशी माणसे, असा सारा संसार होता. परक्या शहरात उतरल्याबरोबर आपले म्हणून एक दार ठोठावता यावे, हे लहानसहान भाग्य नव्हे. पुढे राजकारणाच्या वावटळीत ते घर बंद झाले, आणि १९१२ साली लंडनला जाणाऱ्या मराठी माणसाला तो आसरा उरला नव्हता.

१९१२ हेच साल का घेतले? कारण तिसरे उत्तर देणारा माणूस त्याच साली निघाला, आणि तोही आमच्याच जिल्ह्यातला. द्वारकेहून मुंबईच्या दिशेने काही मैल गेले की पांडवलेण्याच्या पायथ्याशी ज्यांचे स्मारक लागते ते धुंडिराज गोविंद फाळके. जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७० चा. त्र्यंबकच्या शास्त्र्याघरचा हा मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकला, बडोद्याच्या कलाभवनात शिकला, गोध्र्याला फोटोग्राफर झाला, पुराणवस्तू खात्यात नोकरी करून आला आणि छपाईच्या धंद्यात शिरला. यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली जर्मनीचाही फेरा त्याने केला होता. पण भागीदारांशी पटले नाही, छापखाना सुटला, आणि चाळिशी उलटलेला हा गृहस्थ मुंबईत मोकळा झाला.

अशात गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मुका चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण चालू लागले. आपली दैवते या पडद्यावर कधी येतील, हा प्रश्न त्यांच्या मनाला चिकटला तो चिकटलाच.

येथून पुढचे वर्ष म्हणजे त्यांच्या लंडनच्या प्रवासाची तयारी होय, जरी आरंभी त्यांना स्वतःलाही ते ठाऊक नसेल. युरोपातून त्यांनी यंत्रांची सूचीपत्रे मागवली, पुस्तके आणि नियतकालिके मागवली. एक छोटा कॅमेरा आणि फिल्मची रिळे घेतली. रात्री मेणबत्तीचा उजेड भिंगावर पाडून ते घरच्या भिंतीवर चित्रे हलवून पाहत. रोज संध्याकाळी चार-पाच तास चित्रपट पाहायचे आणि उरलेला वेळ खटपटीत घालवायचा. झोप नाही, विसावा नाही. व्हायचे तेच झाले : डोळे गेले. काही काळ दिसेनासेच झाले. डॉ. प्रभाकर यांच्या उपचाराने आणि तीन-चार चष्म्यांच्या मदतीने दृष्टी परत आली. आणि दृष्टी परत येताच या माणसाने काय करावे? विम्याच्या पॉलिश्या गहाण टाकून कर्ज काढावे आणि लंडनचे तिकीट घ्यावे!

आज आपण हे कौतुकाने वाचतो. पण त्या वेळी घरात सरस्वतीबाई होत्या, लहान मुले होती, मिळकत बंद होती आणि कर्त्या पुरुषाचे डोळे नुकतेच बरे झाले होते. पॉलिसी म्हणजे घरावर आपत्ती आली तर उपयोगी पडणारा शेवटचा आधार. तोच गहाण पडला. “सोबत कोण?” हा प्रश्न त्या घरात काय वजनाने उभा राहिला असेल याची कल्पना करावी. पासपोर्ट-व्हिसाचे आजच्यासारखे लचांड तेव्हा नव्हते. ते पहिल्या महायुद्धापासून मागे लागले. पण जो अडथळा कागदाचा नसून काळजाचा असतो, तो सर्व काळी सारखाच. सरस्वतीबाईंनी तो ओलांडला, म्हणून फाळक्यांना समुद्र ओलांडता आला.

१ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके निघाले आणि १ एप्रिलला परत आले. एकूण साठ दिवस. त्यातले बहुतेक दिवस एडन, सुवेझ करीत बोटीवर गेले. लंडनच्या वाट्याला आले ते दोनेक आठवडे. सत्तर लाख वस्तीचे ते शहर. जगातले तेव्हाचे सर्वांत मोठे. तिथल्या चित्रपटाच्या धंद्यात त्यांना ओळखणारे कोणी नव्हते. कार्पेंटर मावशी नव्हत्या, इंडिया हाउस नव्हते.

पिकॅडिली सर्कसच्या भागात फिरताना त्यांच्या दृष्टीस एक पाटी पडली : ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाची. हे साप्ताहिक ते मुंबईला वर्गणी भरून घेत असत. परक्या शहरात एवढीच एक ओळखीची खूण! त्या पाटीवरून त्याच दिवशी हजारो माणसांची नजर फिरली असेल. ती बोलली मात्र एकाशीच, कारण वर्षभर त्याची तयारी त्याच अक्षरांतून झाली होती. फाळके आत गेले. संपादकांना त्यांनी आपला मनोदय सांगितला. संपादकांनी आधी या नादी न लागण्याचा सल्ला दिला. हिंदुस्थानची हवा या धंद्याला मानवायची नाही, असे त्यांचे मत पडले. परंतु समोरचा माणूस हौशी नव्हे हेही त्यांनी ओळखले, आणि सेसिल हेपवर्थ यांच्याशी त्यांची गाठ घालून दिली.

हेपवर्थ म्हणजे इंग्लंडातले त्या काळचे नाणावलेले चित्रपट-निर्माते. त्यांचा स्टुडिओ लंडनच्या नैऋत्येस थेम्सच्या काठी वॉल्टन या गावी होता. त्यांनी या हिंदी पाहुण्याला आपल्या स्टुडिओचे सर्व विभाग फिरून पाहू दिले, चित्रीकरण प्रत्यक्ष करून दाखवले. आपल्या धंद्याची गुपिते हातचे न राखता दाखवणारी माणसे सगळीकडेच थोडी. फाळक्यांना असा एक माणूस भेटला. त्यांच्या सल्ल्याने फाळक्यांनी ५० पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला. त्या वेळच्या १५ रुपये पौंड या भावाने साडेसातशे रुपये झाले. कोडॅकची कच्ची फिल्म आणि फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवली आणि ते परतीच्या वाटेला लागले.

लंडनला जाऊन या माणसाने काय पाहिले, असे कोणी विचारले तर सांगावे लागेल : एक पाटी, एक कचेरी आणि एक स्टुडिओ. पण घरी आल्यावर कुंडीत वाटाण्याचे बी पेरून, त्याला कोंब फुटून वेल चढेपर्यंतची वाढ त्यांनी त्या कॅमेऱ्याने टिपली. ती पाहून पैसे देणारे भेटले, सरस्वतीबाईंचे दागिने कामी आले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. फिल्मला भोके पाडण्यापासून पुष्कळसे काम स्वतः सरस्वतीबाई करीत. ज्या घराने विमा गहाण टाकला त्याच घरात हा धंदा उभा राहिला.

आता कोणी म्हणेल, फाळके कामाला गेले होते. आम्हांला तर नुसते शहर पाहायचे आहे. पण पाहणे हेही कामच आहे. भल्यामोठ्या शहरात एकटा गेलेला माणूस दोन गोष्टींनी गांगरतो : पाहण्यासारखे फार असते, आणि बोलायला कोणी नसते. यादी करून पहिली अडचण सुटत नाही, उलट वाढते. दहा दिवसांत पन्नास ठिकाणे उरकणाऱ्याला घरी आल्यावर तिकिटांची थोटके सापडतात आणि पायांचे दुखणे आठवते. त्यापेक्षा निघण्यापूर्वी एक प्रश्न ठरवावा. बागांची आवड असेल तर त्या शहरातल्या बागांचा, मोडीची गोडी असेल तर तिथल्या ग्रंथालयांतील आपल्या कागदपत्रांचा, स्वयंपाकाची असेल तर मंडईचा. मग हव्या त्या पाट्या आपोआप दिसू लागतात, आणि आत शिरून विचारायला तोंडही फुटते. ज्याला विचारायचे असते त्याला बोलायला माणूस मिळतो.

आनंदीबाईंचे आणि इंडिया हाउसचे उत्तरही सोडू नये. एखाद्या ओळखीच्या कुटुंबाला दोन महिने आधी पत्र घालावे, पहिल्या दोन रात्रींची जागा पक्की करावी, औषधे आणि गरम कपडे यांत काटकसर करू नये, कागदपत्रांची एक प्रत घरी ठेवून जावे. आता फोन खिशात असतो, नकाशाही त्यातच असतो. रोज ठरल्या वेळी चार शब्द घरी कळवले की आजीची अर्धी काळजी दूर होते. परंतु नकाशा रस्ता सांगतो, कशासाठी आलो ते सांगत नाही. ते घरून घेऊन जावे लागते, आणि त्याला सामानात वजन पडत नाही.

फाळक्यांच्या लंडनची गोष्ट १९१२ साली संपली नाही. १९१३ साली त्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवले, आणि १९१४ साली ‘राजा हरिश्चंद्र’, ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ हे तीन चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. ज्या धंदेवाल्यांकडे दोन वर्षांपूर्वी शिकायला गेले होते त्यांनाच आता त्यांनी आपले काम दाखवले. त्यांची वाहवा झाली, तिथेच राहून चित्रपट काढावेत म्हणून बोलावणेही आले. ते नाकारून फाळके परत आले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच त्यांनी देह ठेवला.

या दिवाळीच्या सुट्टीत कोणाच्या घरी नकाशे उघडले असतील, कोणा मुलीचे एकटीने जायचे घाटत असेल, तर घरच्यांनी “सोबत कोण?” हा प्रश्न जरूर विचारावा. तो विचारण्याचा हक्क मायेच्या माणसांना आहे. मात्र त्याच्या जोडीला आणखी एक विचारावा : “तिथे जाऊन काय शोधणार आहेस?” त्याचे उत्तर तिच्यापाशी तयार असेल, तर तिला द्वारकेपर्यंत पोहोचवायला जावे आणि फराळाचा डबा तेवढा आठवणीने हातात द्यावा.