सुरतेचा वारा आणि परागाची नोंद

वारा वाचण्याची विद्या सुरतेस नवी नाही. सतराव्या शतकात हे शहर पश्चिम किनाऱ्यावरील अग्रगण्य बंदर होते. तांबड्या समुद्राकडे जाणारी जहाजे केव्हा सोडावयाची आणि पावसाळ्यापूर्वी ती केव्हा परत आणावयाची, याचा सारा हिशेब मौसमी वाऱ्यांवर बसविलेला असे. वाऱ्याची चूक म्हणजे मालाची बुडवणूक, हे तेथील व्यापारी पुरते जाणून होते. तोच वारा माणसाच्या श्वासात काय आणून सोडतो, याचा हिशेब ठेवण्याची बुद्धी मात्र जगाला फार उशिरा झाली. त्या हिशेबाची हकीकत आज आपणांपुढे ठेवावयाची आहे.

श्वासरोगाच्या कारणांमध्ये धूळ, धूर आणि वारा यांचा निर्देश चरकसंहितेत आहे. परंतु त्या धुळीत फुलांचे पराग असतात आणि ते रोगास कारण होतात, हे सिद्ध व्हावयास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. 1819 मध्ये जॉन बोस्टॉक या इंग्रज वैद्याने दर उन्हाळ्यात आपणांस होणाऱ्या शिंका, डोळ्यांची आग आणि छातीची घुसमट यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पण दोष त्याने दिला तो उष्म्याला. खरा गुन्हेगार पकडला मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली याने. तो स्वतः या विकाराने पीडित होता. गवताचा पराग स्वतःच्याच नाकात व त्वचेवर घालून त्याने त्याचा परिणाम पाहिला. हवेत पराग किती आहे हे मोजण्यासाठी त्याने चिकट काचपट्ट्या उघड्या ठेवल्या. एवढेच नव्हे, तर पतंगाला बांधून त्या हजार फुटांहूनही उंच चढविल्या. उत्तरायणाच्या दिवशी ज्या शहराचे आकाश पतंगांनी झाकून जाते, त्या सुरतेच्या रहिवाशांना ही युक्ती खचित आवडावी! ब्लॅकलीचा ग्रंथ 1873 मध्ये प्रसिद्ध झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी आपल्या देशातही कलकत्त्याच्या तुरुंगांतील हवेची सूक्ष्मदर्शकाखाली केलेली तपासणी डी. डी. कनिंगहॅम या डॉक्टरने प्रसिद्ध केली. पटकी व ताप यांचा हवेतील कणांशी संबंध आहे काय, हे त्याला पाहावयाचे होते. संबंध आढळला नाही. पण पराग आणि बुरशीचे बीजाणू विपुल सापडले, आणि हिंदुस्थानातील या शास्त्राचा पाया घातला गेला.

पुढील काम नियमित मोजणीचे होते. 1952 मध्ये जे. एम. हर्स्ट या इंग्रज शास्त्रज्ञाने मिनिटाला दहा लिटर हवा ओढून तिच्यातील कण चिकट पट्टीवर तासातासाने टिपून ठेवणारे यंत्र तयार केले. लंडनचे डॉ. विल्यम फ्रँकलंड यांच्या पुढाकाराने 1963 पासून परागाचा आकडा वृत्तपत्रांतून लोकांपर्यंत पोहोचू लागला. महाराष्ट्राचा वाटाही यात लहान नाही. 1970 मध्ये त्या वेळच्या औरंगाबाद येथे प्रा. श्री. त्र्यं. टिळक व कुलकर्णी यांनी आपल्या परिस्थितीस मानवेल असे हवेचे नमुने घेणारे यंत्र सिद्ध केले. 2022 मध्ये चंडीगड शहराची परागदिनदर्शिका प्रसिद्ध झाली. कोणत्या ऋतूत कोणते झाड पीडा देते, हे तीत पाहावयास मिळते.

अशी दिनदर्शिका एका शहराची दुसऱ्यास चालत नाही, कारण वनस्पतींचाही आपापला इतिहास असतो. गुजरातेत जिला 'गांडो बावळ' म्हणतात, ती वेडी बाभूळ मूळची अमेरिकेतील. एकोणिसाव्या शतकात ती या देशात मुद्दाम आणली गेली, आणि रणाची आगेकूच थोपविण्यासाठी 1961 पासून कच्छच्या बन्नी भागात वनखात्याने ती मोठ्या प्रमाणावर लावली. आज तिचा पराग वावडे निर्माण करणाऱ्या परागांत गणला जातो. गाजरगवताची कथा आपल्या घरचीच आहे. 1955 मध्ये ते पुण्यात प्रथम नजरेस आले, आणि पुढील वीस वर्षांच्या आत त्याच्या स्पर्शाने होणारे त्वचारोग वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले. जे आपण लावले किंवा वाढू दिले, तेच पुढे श्वासात येते.

आता सुरतेकडे वळू. लिंबायत, उधना या वस्त्यांत खानदेशातून गेलेली हजारो मराठी कुटुंबे यंत्रमागांवर पोट भरीत आहेत. त्यांतील एखाद्या कामगाराला पहाटे धाप लागली, तर ती फुलावर आलेल्या गवतामुळे, गिरणीच्या धुरामुळे की मागाच्या खोलीतील तंतुधुळीमुळे, हे कोणी कसे ठरवावे? सारे ऋतूवर ढकलले, तर मागावरील धूळ निर्दोष सुटते. सारे मागावर ढकलले, तर मोसमापूर्वी जे औषध सुरू करावयाचे ते राहून जाते. दोन्हींमध्ये नुकसान कामगाराचेच. आज मोबाईलवर शहराचे नाव घातले की परागाचा अंक दिसतो. परंतु असे अंक बहुधा हवामान व वनस्पतींचे नकाशे यांच्या गणितातून निघतात. ज्या गणिताला स्थानिक मोजणीचा ताळा नाही, ते गणित अंदाज म्हणून ठीक. त्यावर औषधाचा निर्णय सोपवू नये.

सुरतेने एकदा हा धडा फार महाग किमतीने घेतला आहे. सप्टेंबर 1994 मध्ये प्लेगची वार्ता पसरताच लोक लाखांनी शहर सोडून गेले. रोगाइतकेच अफवेनेही शहर ओस पाडले. पुढे 1995 पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत स्वच्छतेची आणि रोगांच्या दैनंदिन पाहणीची शिस्त महापालिकेने लावली, आणि तेच शहर स्वच्छतेसाठी नावाजले जाऊ लागले. त्या शिस्तीत आणखी एका वहीची भर पडावी, एवढेच मागणे आहे. एखाद्या दवाखान्याच्या छपरावर एक यंत्र, पराग ओळखणारा एक जाणता वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि दोन-चार वर्षांची अखंड नोंद. त्या नोंदीशेजारी दवाखान्यात त्या दिवशी धाप लागून किती जण आले, हा आकडाही लिहिला जावा.

जहाजांसाठी ज्या शहराने वाऱ्याचा हिशेब ठेवला, त्याने आपल्या माणसांच्या श्वासासाठी तो ठेवणे मुळीच अशक्य नाही.